बदकाच्या पोटातलं सोनं

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका," असं म्हणून झॅकी म्हाताऱ्यानं ताटातला कोबी बाजूला सारला आणि खाणावळीत जेवायला बसलेल्या नव्या खाणकामगारांकडे पाहिलं. जेनी रोस्कर वाढत राहिली. लहानपणी गाव सोडून ती किनाऱ्याकडे गेली होती, या आठवड्यातच परतली होती. झॅकीच्या लेखी ती फक्त नवी वाढपीण.

गोष्ट तिच्याच आईच्या मळ्याची निघाली. नदी नाही, पाऊस नाही, प्यायचं पाणी उंटावरून यायचं. अशा गावात तिच्या आईनं, लव्हडे रोस्करनं, घरोघरचं खरकटं पाणी मागून आणून कोबी पिकवला. झॅकीच्या तोंडी तो एवढा वाढे, की एका गड्ड्याच्या सावलीत पाद्रीबुवा प्रवचन करत आणि आतली पानं 'आमेन' म्हणत.

"मग मळा गेला कुठे, काका?" एकानं हसत विचारलं. खिडकीबाहेर नुसते खड्डे होते.

झॅकीनं पेला पुढे केला. कुणीतरी भरला. तर नाताळात झॅकीनं लव्हडेच्या मळ्यातलं बदक कापलं आणि आत निघाला वाटाण्याएवढा सोन्याचा खडा. गुत्त्यात नुसतं बोलायचा अवकाश, उजाडता उजाडता अख्खं गाव मळ्यात. कायदाच तसा होता, घराखालची सोडून बाकी जमीन सोन्यासाठी जो खुंट्या ठोकील त्याची. कोबी उचलून बाजूला ठेवायलाही कुणी थांबलं नाही. बाई वाफ्यातून उठेना, तेव्हा तिच्याभोवतीनं खणलं.

"सापडलं सोनं?"

"नशिबात असावं लागतं बाबा," म्हणत झॅकीनं बोळकं उघडून दाखवलं. पुढच्या हिवाळ्यात हिरव्या पानावाचून गावाच्या हिरड्या सडल्या. "सोनं सापडलंच असतं, तरी चावून बघायला दात कुठे होते?"

सगळे हसले. त्याच हिवाळ्यात लव्हडेचा धाकटा मुलगा गेला. तो झॅकीच्या गोष्टीत नसे.

"कोबीचं सोडा," झॅकी म्हणाला, "पण खडा खरा. याच हातानं काढलाय बदकाच्या पोटातून."

जेनीनं पातेलं टेबलावर ठेवलं. 

"आमच्याकडे बदक कधीच नव्हतं, काका. कोबीलाच पाणी पुरत नव्हतं. बदकाला कुठून घालणार होती आई?"