पंपाची चकती

"कापा, अजून एक चकती कापा. आपला जन्मच चकत्या कापण्यात जायचाय," नवरा लेथवर वाकून पुटपुटला.

"हळू बोला," ती म्हणाली. "आप्पांचे गुडघे गेलेत, कान नाही गेले."

आप्पा, तिचे सासरे, खिडकीपाशी बसून तयार पंप फडक्याने पुसत होते. गाडी सत्तर वर्षांची, ती बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, आणि मालकाला पाण्याचा पंप मात्र नवा कोरा हवा, अशा हौशी लोकांवर या तिघांचं पोट चालायचं.

आप्पा मूळचे सुतार. फर्निचरचं दुकान बसल्यावर त्यांनी कुणाचा तरी अस्सल पंप एका दिवसासाठी उसना आणला आणि त्याचा सागवानी पॅटर्न घडवला. या पॅटर्नभोवती वाळू ठोकायची, तो अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत ॲल्युमिनियमचा रस ओतायचा. आप्पांनी पॅटर्न अगदी मापाला माप केला. केसाचाही फरक नाही. तिथेच घोडं पेंड खात होतं. ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून पॅटर्न जरा मोठाच करायचा असतो. पण दार चौकटीपेक्षा मोठं केलं तर लागत नाही, एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

तेव्हापासून गेली बत्तीस वर्षं प्रत्येक पंप दोन मिलिमीटर आखूड निघत होता. ती तूट भरायला पंप आणि इंजिन यांच्यामध्ये एक चकती घालावी लागे. आप्पांच्या मते ती अस्सल पंपालाही असायचीच. उसना देणाऱ्याने हरवली असणार, वेंधळा होता.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, लेथ शिकता शिकता, पॅटर्न आणि पंप व्हर्नियरने मोजताना तिला हे सगळं दिसलं. धावत जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं.

"माहितीये," तो म्हणाला होता. "तूही विसरून जा."

नवा पॅटर्न करायचा, तर तो कशासाठी हे आप्पांना सांगावं लागणार. आणि त्या एका लाकडाच्या जोरावर आप्पांनी बुडालेलं घर वर काढलं होतं. दर रविवारी ते त्याला तेलाचा हात फिरवत. हौशी मंडळींनी तर कहरच केला होता. चकती असेल तरच पंप अस्सल, असं त्यांच्या क्लबात परस्पर ठरून गेलं होतं.

दुपारी डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त, गाडीवेडे. त्यांनी लहान बाळ ठेवावं तसं एक पुडकं टेबलावर ठेवलं आणि मेणकागद उलगडला. आत कधीच न वापरलेला पंप, कंपनीच्या शिक्क्यासकट.

"बंद पडलेल्या गोदामात सापडला! सगळं आहे, फक्त चकती गायब. आयुष्यभर लोकांच्या दातांतल्या फटी बुजवल्या मी, एवढी माझी एक फट तुम्ही बुजवा. रविवारी बायकोला घेऊन गाडीने डोंगर चढायचाय. तीस वर्षं सांगतोय तिला, नेतो म्हणून."

"मी म्हणत नव्हतो?" आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "हरवतेच ती. सूनबाई, काढ एक चकती."

तिने व्हर्नियर उचलला.

"मोजतेस काय? माझा पॅटर्न असल्याच पंपावरून झालाय."

तरी तिने मोजलं. एकशे बावन्न मिलिमीटर. फळीवर मांडलेले घरचे पंप सगळे दीडशे.

ती नवऱ्यापाशी गेली. "अहो, याला चकती लावली तर पंप फिरवणारा पट्टा तिरका पळेल. चढावर फाटला की पाणी फिरायचं थांबलं. इंजिन जाम होईल त्यांचं."

"पातळ काप. कागदाएवढी."

"आप्पा चकती बोटाने चाचपून बघतात."

"मग सांग, दोन दिवसांनी देतो."

"आणि दोन दिवसांनी काय सांगू?"

नवऱ्याने तेलाची बुधली उचलली आणि नुकतंच तेल घातलेल्या जागी पुन्हा तेल घालायला सुरुवात केली.

"काय खलबतं चाललीत?" आप्पा म्हणाले. त्यांनी स्वतःच डब्यातली एक चकती शोधून काढली होती. ती त्यांनी पंपाच्या तोंडावर ठेवली, अंगठा फिरवला आणि समाधानाने मान हलवली. "बघा डॉक्टर. जणू याच्यासाठीच जन्मलीय."

डॉक्टर खूश होऊन मेणकागदाच्या घड्या घालू लागले. तिने पंपावरून चकती उचलली.

"अगं, काय करतेस?"

"आप्पा," ती म्हणाली, "या पंपाला चकती कधी नव्हतीच. आपला पॅटर्न आखूड आहे."