पाचवा रिसिव्हर

"कोच, सोमवारी आपलं काय ठरलं होतं?"

"नवा रिसिव्हर घ्यायचा नाही," कोच हॅन्सन शहाण्या मुलासारखे म्हणाले.

"मग काल काय केलंत?"

"रिसिव्हर घेतला."

गिरिजाने डोळे मिटले. नागपूरहून ती स्टॅटिस्टिक्स शिकायला अमेरिकेत आली होती आणि आता मिशिगनमधल्या नोव्हाय गावाहून गाडीने येऊन एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा हिशेब सांभाळत होती. फुटबॉल म्हणजे तिकडचा, चेंडू हातात घेऊन धावायचा. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. लांब पळत जाऊन तो झेलतो तो रिसिव्हर, आणि असे चार जण संघात होतेच. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवणारा भरवशाचा धिप्पाड गडी मात्र एकच, ड्वेन. हल्ली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात. ड्वेनला दुसरीकडून बोलावणं आलं होतं. 'थांब, तुझी रक्कम बाजूला ठेवली आहे,' असं गिरिजाने त्याला सांगितलं होतं, म्हणून तो थांबला होता. बोलावणाऱ्या विद्यापीठाला त्याने आजच उत्तर कळवायचं होतं.

"त्या नव्या पोराच्या आजीने पीच-पाय भाजून ठेवला होता गं," कोच म्हणाले. "गरमागरम. आणि पोरगं काय पळतं! स्वयंपाकघरातच शब्द देऊन टाकला."

"मी बजावून पाठवलं होतं. खा, पण बोलू नका."

"तोंडात घास असताना नाही कसं म्हणायचं?"

"तोंडात घास असताना हो कसं म्हणता आलं?"

कोच खुर्चीत हलले. "ड्वेनला थोडं थांबायला सांग ना. तुझं ऐकतो तो."

"ऐकतो म्हणूनच नाही सांगणार."

"मग एखाद्या रिसिव्हरलाच त्याच्या जागी उभा केला तर?"

"कोच, समोरून येणारा त्याच्या दीडपट असतो! तो क्वार्टरबॅकला नंतर पाडेल, आधी आपल्या पोराला उचलून बाकावर नेऊन ठेवेल."

कोचना हसू आलं. गिरिजाला आलं नाही.

"पैसे एकाचेच आहेत," ती म्हणाली. "एक शब्द तुम्ही दिलात, एक मी. कोणता मोडायचा ते तुम्ही ठरवा. पण फोनही तुम्हीच करायचा."

कोचनी फोन पुढे ओढला. मग त्यांनी नंबर लावला. पलीकडून आजीचा आनंदी आवाज आला. कोचनी फोनवर हात ठेवला. "तू बोलतेस?"

"नाही."

त्यांनी हात काढला. "आजी, काल मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. संघात जागा नाही."

आजीने ना राग काढला, ना कारण विचारलं. नातवाला हाक मारली आणि फोन त्याच्या हातात दिला.

"कोच?" मुलगा म्हणाला.

गिरिजाने ड्वेनला त्याचा करार पाठवून दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.