शेवटचे बारा सेकंद

मी एक जुनी फाइल आहे. कपाटातली नव्हे, नाडी बांधलेलीही नव्हे. मी कॉम्प्युटरमधली, आवाजाची फाइल. लांबी तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. मित्रांनो, आज मला लावलंत तर आधी कानावर हात ठेवाल. पण मी जन्मापासून अशी कर्कश नव्हते. मला असं केलं गेलं, आणि तेही मायेपोटी. मायेनं केलेल्या नुकसानाची तक्रार करायची सोय नसते. तरी मी करणार आहे.

माझा जन्म एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात, संध्याकाळी पाच वाजता झाला. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण मी सुरू झाले आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळानं पाच टोले दिले. माझ्यात सगळ्यात आधी आले ते टोले. पुढे त्यांनीही घात केला, पण ते नंतर सांगते.

दुकानाच्या मालकांना सगळे घड्याळजी म्हणत. ते फार हळू बोलायचे. चिमट्यात धरलेला मोहरीएवढा स्क्रू जोराच्या श्वासानंही उडून जातो. चाळीस वर्षं श्वास आवरून काम केलेल्या माणसाचा आवाज आणखी कसा असणार? त्यात त्यांच्या बायकोला कमी ऐकू यायचं. घरी ते तिच्या डाव्या कानाशी वाकून बोलत. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं, आणि घरच्या लंबकाच्या घड्याळाला किल्ली कशी द्यायची, हे तिला समजावून ठेवायचं होतं. म्हणून त्यांनी आपल्या फोनमध्ये मला बोलून ठेवलं.

"अगं, ऐक. समोर सांगितलं की तू हो हो म्हणतेस आणि ऐकत काही नाहीस. म्हणून हा खटाटोप. दर रविवारी किल्ली द्यायची. चौदा वेळा फिरव. पंधराव्यांदा ती आपणहून अडेल, तिथं जोर लावू नकोस. माझ्यावर लावतेस तेवढा तर मुळीच नको."

मग ते हसले, तेल कुठं घालायचं ते सांगितलं, लंबक सरळ कसा करायचा ते सांगितलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. घड्याळजींनी आवाज आणखी खाली घेतला आणि तोंड फोनला जवळजवळ लावून बायकोला आणखी काहीतरी सांगितलं. बारा सेकंद. मग त्यांनी मला बंद केलं.

फोनमध्ये जागा बेताची, म्हणून मला जन्मतःच दाबून लहान केलं होतं. माणसाच्या कानाला कळणारच नाही असं यंत्राला जे वाटतं, ते काढून टाकायचं आणि उरलेल्याची घडी घालायची. एकदा केलं तर काही बिघडत नाही. पण दर वेळी उलगडून, बदलून पुन्हा घडी घातली की दर वेळी थोडं जातंच.

ऑपरेशन झालं. घड्याळजी घरी आले नाहीत.

त्यांची बायको दर रविवारी घड्याळाला किल्ली द्यायची, आणि मग फोन डाव्या कानाला लावून मला ऐकायची. एके रविवारी ती आपल्या मुलाला म्हणाली, "बाकी सगळं कानाला लागतं रे. शेवटी काहीतरी म्हणतात, तेवढं लागत नाही. आवाज जरा वाढवून दे ना." तिचं एवढंच मागणं होतं.

चिरंजीवांनी चाळिशी ओलांडली होती आणि ते एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथला नियम असा, की सुधारलेलं ड्रॉइंग आलं की जुनं तिथल्या तिथं फाडायचं. दोन्ही टेबलावर राहिली तर कुणीतरी जुन्यावरून भाग बनवतो आणि अख्खा माल भंगारात जातो. कारखान्यात हा नियम सोन्यासारखा होता. चिरंजीवांनी तो घरी आणला. मला फोनमधून कॉम्प्युटरवर घेतलं आणि फोनमधली पुसून टाकली. "एकाच्या दोन प्रती म्हणजे गोंधळ," असं ते स्वतःशीच म्हणालेसुद्धा.

मग त्यांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. ते गुणी होतं, सांगितलं तेवढंच करायचं. त्यानं मला उघडून पडद्यावर माझं चित्र काढलं. डावीकडे पाच टोल्यांचे उंच सुळके, मधे गवतासारखं बोलणं, आणि अगदी उजवीकडे जवळजवळ सरळ रेघ. चित्र दिसलं आणि चिरंजीव खूश झाले. ड्रॉइंग वाचणं तर त्यांच्या हातचा मळ! त्या दिवसापासून त्यांनी मला पाहिलं. ऐकलं नाही.

आवाज वाढवायचं बटण दाबलं, तर सगळ्यात उंच सुळका छताला टेकेपर्यंतच आवाज वाढतो. माझे टोले आधीच टेकलेले. बोलणं तसूभरही वर येईना. खरं तर त्या पाच टोल्यांना तेवढं खाली दाबलं असतं तर काम झालं असतं. पण तिथं एक चौकोन होता, आवाज कापला गेला तरी चालेल का, असं विचारणारा. चिरंजीवांनी त्यात खूण केली. टोल्यांची डोकी उडाली आणि घड्याळाच्या जागी पत्रा बडवल्यासारखं वाजू लागलं. त्याच नावानं मला साठवलं आणि आईला ऐकायला तीच नवी फोनमध्ये घातली. कालची मी गेले.

पुढच्या रविवारी आई म्हणाली, "मोठं झालं रे, पण घड्याळांची टिकटिकच मोठी झाली. शेवटचं अजून लागत नाही."

"शेवटी काही नाहीये, आई. रेघ सपाट आहे."

"तू ऐकलंस का?"

"बघितलं ना मी. तुला ऐकू कमी येतं, म्हणून तुला तसं वाटतं."

मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. जिला ऐकू येत नव्हतं तिला माझ्यात काहीतरी आहे हे कळलं होतं. आणि ज्याचे कान धडधाकट होते, तो पहिलं अर्धं मिनिट ऐकून "छान येतोय" म्हणायचा आणि हेडफोन काढून ठेवायचा.

आवाज वाढला तशी खरखरही वाढली. चौथ्या रविवारी चिरंजीव ती काढायला बसले. सॉफ्टवेअर म्हणालं, जिथं कुणी बोलत नाही, नुसती खरखर आहे, अशी एक जागा दाखवा. तिथं जे असेल ते खरखर समजून सगळीकडून पुसून काढीन. चिरंजीवांनी शेवटच्या सपाट रेघेवर खूण केली. बारा सेकंद, बरोबर मोजून. सॉफ्टवेअरनं हुकूम पाळला. मग साठवलं, त्याच नावानं. मी ओरडले असते. पण फाइलला स्वतःचा आवाज नसतो.

असे नऊ रविवार गेले. शेवटी आई हट्टाला पेटली, तेव्हा ते तिला कान तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेले. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. बाईंनी तिच्या कानात मशीन बसवलं. आईनं फोन पुढे केला, "आधी हे लावा."

टोल्यांना ती दचकली. "माझ्यावर लावतेस तेवढा," याला खुदकन हसली. मग तिनं बोट वर केलं. "आता. आता बोलतील बघा."

काही आलं नाही. साधी खरखरही नाही.

बाईंनी विचारलं, "मूळ फाइल असेल ना तुमच्याकडे?"

"हीच," चिरंजीव म्हणाले.

"अहो, आवाजच वाढवायचा होता तर त्यालाही फुकट सॉफ्टवेअर मिळतं. ते आवाजाला हात लावत नाही, फाइलमधला पातळीचा आकडा फक्त बदलतं. नको वाटलं तर पुन्हा खाली आणता येतं. आणि निदान एक कॉपी तरी ठेवायची!"

आईनं बाईंचं बोलणं ऐकलं. आता तिला सगळं ऐकू येत होतं. ती मुलाकडे वळली. "नऊ रविवार ती तुझ्याकडे होती. काय म्हणाले होते रे?"

"मी..." चिरंजीव चाचरले. "मी बघत होतो, आई."

तुम्ही मला विचाराल. मला माहीत नाही. माझ्यातून पुसलेलं मला कुठून आठवणार? गिऱ्हाईक आलं होतं, ते हळू बोलले होते आणि ते फक्त तिच्यासाठी होतं, एवढंच मी सांगू शकते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याकडेही असेल. तिला जरूर मोठं करा. फुकट होतं आणि दोन मिनिटांत होतं. पण आधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा, आणि त्याच्याही आधी तिला एकदा शेवटपर्यंत ऐका. कुणी म्हणालं की शेवटी काहीतरी आहे, तर त्या माणसाच्या कानांना दोष देऊ नका.

आई अजूनही दर रविवारी चौदा वेळा किल्ली फिरवते आणि मग मला लावते. लंबकाची गोष्ट संपेपर्यंत मशीन कानात असतं. मग ती ते काढून मांडीवर ठेवते आणि फोन डाव्या कानाला घट्ट लावते. मशीन असलं की तिथं काहीच नाही हे तिला ऐकू येतं. ते काढलं की मात्र तिला म्हणता येतं, ते बोलतायत, मलाच लागत नाही.