सैल टाका

विणायची सुई टाक्यात शिरायलाच तयार नव्हती. बाळगोंडांनी ओठ आवळून ती रेटली, तेव्हा टोक आत गेलं खरं, पण शेजारचे टाके सुईवरून सुटून खाली गेले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि समोरच्या कॉटकडे पाहिलं. आक्काताई, त्यांची बायको, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

श्रावणात आक्काताईंच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं तुटलं. सांगलीच्या दवाखान्यातून दुधगावला घरी आल्यावर पाय हळूहळू सुधारला. काठीच्या आधारानं त्या न्हाणीपर्यंत जाऊ लागल्या. त्यांना बोलतं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भेटायला आलेल्या एका बाईला त्यांचे शब्द कळले नाहीत आणि ती नुसतीच हसली, त्या दिवसापासून आक्काताईंनी तोंड मिटलं ते मिटलंच. कुणी आलं की त्या पदर ओढून भिंतीकडे वळायच्या आणि बाळगोंडा दारातूनच सांगायचे, बरी हाय, झोपलीया. रोज सकाळी दर्शनाला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाणाऱ्या आक्काताईंनी उंबरा ओलांडणं सोडलं.

मुलगी ब्राह्मी साताऱ्याला दिलेली. ती येऊन राहून गेली, आईला घेऊन जाते म्हणाली. आक्काताईंनी नुसती मान हलवली. निघताना ब्राह्मीनं वडिलांना विचारलं, तुम्ही दुकानात बसल्यावर हिच्याशी बोलतं कोण? बाळगोंडांचा उभा जन्म पाण्याच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तांब्याची तार भरण्यात गेला होता. दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचं, आक्काताईंनी गावभरचं सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, एवढाच त्यांच्या संसारातला बोलण्याचा भाग. आता ऐकायलाही काही उरलं नव्हतं.

थंडी पडू लागली तेव्हा रग काढायला त्यांनी ट्रंक उघडली, तर तळाशी सुया आणि तपकिरी लोकरीचा गुंडा निघाला. गल्लीतल्या कितीतरी बाळांची टोपडी या सुयांवर झाली होती. बाळगोंडांनी हौसेनं तो गुंडा आक्काताईंच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्यांनी डाव्या हातानं तो भिरकावला. गुंडा कॉटखाली गेला. बाळगोंडांनी वाकून तो काढला, धूळ झटकली. पुन्हा ट्रंकेत ठेवणं जिवावर आलं, म्हणून हातात घेऊन तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचं दुकान बंद ठेवू लागले. फोनवर विणकाम शिकवणारी एक मुलगी सापडली. नुसत्या सुलट टाक्यांचा मफलर म्हणजे सगळ्यांत सोपं काम, असं ती हिंदीत भराभर सांगायची. ते तोच तुकडा परत परत लावून बघायचे. तार भरणाऱ्या हाताला दोऱ्याचं काय अवघड, असं त्यांना वाटलं होतं. पण तार जितकी आवळून बसेल तितकी चांगली, हीच हाताची सवय. दोरा ते असा ओढायचे की टाका सुईला चिकटून बसायचा. पट्टी वर जाईल तशी अरुंद होत गेली. मधे एक भोकही पडलं, ते कसं पडलं हे त्यांना कळलं नाही.

गप्प बसून विणणं जमेना, म्हणून ते बोलू लागले. साखर कारखाना सुरू झालाय, ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात. कुणाची मोटार जळाली, कोण तावातावानं भांडून गेलं. आजवर जे त्यांनी ऐकलं होतं, तसलंच काहीतरी ते भिंतीकडे वळलेल्या पाठीला सांगत राहिले.

एका दुपारी पुन्हा सुई अडली. "हे कुठं चुकालंय तेच कळंना," असं पुटपुटत त्यांनी दोरा करकचून ओढला.

"सैल."

आवाज जड होता, शब्द जिभेवरून घसरल्यासारखा आला. बाळगोंडांनी वर पाहिलं. आक्काताई कुशीवर वळून त्यांच्या हातांकडे बघत होत्या. कपाळाला आठी होती.

"काय म्हणालीस?"

"सैल... धर."

मग त्या कोपरावर रेटा देऊन उठल्या, पट्टी ओढून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि सुई उपसून डाव्या हातानं सगळं विणकाम उसवून टाकलं. इतक्या दुपारींची मेहनत कुरळी होऊन त्यांच्या मांडीवर पडली. बाळगोंडांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ते उठून चुलीपाशी गेले आणि डोळे पुसून आले.

पुढं रोज दुपारी दोघं कॉटवर शेजारी बसायची. टाके घालताना एक सुई आक्काताई डाव्या हातात धरायच्या, दुसरी बाळगोंडा. दोरा ताणला की बोटावर चापट बसायची. सैल, थांब, उसव, असे शब्द यायला लागले. एकदा नवऱ्याचा चुकलेला टाका बघून त्या "आंधळं हाय," असंही म्हणाल्या आणि बाळगोंडा दिवसभर खुशीत होते.

मफलर पुरा झाला तेव्हाही एक टोक रुंद आणि एक निमुळतं होतं. बाळगोंडांनी तो बायकोच्या गळ्यात घातला. आक्काताईंनी चाचपून पाहिला, मग वर ओढून तोंड नाकापर्यंत झाकलं आणि आतून काहीतरी म्हणाल्या. दुसऱ्यांदा सांगितल्यावर बाळगोंडांना कळलं. बस्तीला जाऊया.

सकाळी धुकं होतं. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर चार बायका गोळा झाल्या. तब्येत कशी, जेवण जातंय का, असं त्या विचारत होत्या आणि सवयीनं बाळगोंडा सांगत होते. शेजारगल्लीतल्या रत्नाक्कांनी मफलरचं टोक हातात घेऊन पाहिलं.

"आक्काताई, ह्यो कुणी विणला वो? तुमचा हात न्हाई ह्यो."

बाळगोंडा बोलणार, तोच आक्काताईंनी मफलर हनुवटीखाली ओढला. वाकडं तोंड सगळ्यांसमोर उघडं झालं. त्या काहीतरी बोलल्या. रत्नाक्कांना कळलं नाही. त्यांनी बाळगोंडांकडे पाहिलं.

बाळगोंडांना कळलं होतं. पण ते खाली वाकले आणि चपलेचा पट्टा नीट करू लागले. तो नीटच होता, तरी ते मान वर न करता थांबून राहिले.

आक्काताईंनी श्वास घेतला. डावा हात नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीवर ठेवला.

"ह्यां...नी," त्या पुन्हा म्हणाल्या.