भाजलेल्या बिया

काळी नव्हे, काळपट तपकिरी... चिमटीत धरली की मधली खाच अंगठ्याला लागते, आणि नखाने जरा खरवडलं की नखाखाली तेलाचा पुसट डाग. खजुराच्या बीला असं नुसतं नख लावून तेल सुटत नाही. ती आधी भाजावी लागते. इब्तिहालने बी नाकाशी नेली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"भाजूनच आणल्यात गं," शेजारची रसमिया खाला पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली. "तू कुठे भाजत बसणार? रमजानातल्यासुद्धा मीच भाजून दिल्या होत्या की, सगळ्या गल्लीच्या. तुला काय वाटलं, मशिदीतून अशाच खमंग येतात?" आणि ती खळखळून हसली. "चहा टाक आता. प्रोफेसरीण झालीस म्हणून खालाला कोरडीच पाठवशील?"

चहा टाकला. साखर दोनदा घातली असावी, कारण खालाने तोंड वाकडं केलं. पण इब्तिहालला काहीच ऐकू येत नव्हतं. रमजानातल्या... इफ्तारला मशिदीत गल्लीने खाल्लेल्या खजुरांच्या त्या बिया दळून, वितळलेल्या टाकाऊ प्लास्टिकमध्ये बिस्मथच्या जड भुकटीबरोबर कालवून, तिने एक मोठी फळी ओतली होती—शिशाशिवाय क्ष-किरण अडवणारी. त्याआधीची छोटी फळी, बाजारातल्या कच्च्या बियांची, चाचणीत झकास उतरली होती. मोठी तिने तपासलीच नाही. कृती तीच, प्रमाण तेच, मग कशाला? ईद होताच मोठी थेट दवाखान्यात गेली. धाकटी बहीण नवरस तिथे क्ष-किरणाचं यंत्र चालवते. तिथला शिशाचा आडोसा तडकला होता, नवा येता येत नव्हता, आणि इतक्या वर्षांच्या दुआंनंतर नवरसला दिवस गेले होते. घाई त्याचीच होती. फळी उभी करून झाल्यावर इब्तिहालने तिच्यावर थाप मारली होती—घे, ही माझ्या भाचीसाठी.

आणि दळताना वास आलाच नव्हता असं थोडंच आहे? आला होता. इराकच्या नाकेबंदीच्या वर्षांत बसऱ्यात कॉफी औषधालाही मिळत नसे, तेव्हा आई लोखंडी तव्यावर बिया भाजायची, कुटायची, आणि ते काळं पाणी दोघी बहिणींना देऊन म्हणायची, प्या गं, सुलतानसुद्धा हेच पितो... चक्कीपाशी उभ्या असलेल्या इब्तिहालचे डोळे भरून आले होते. आईने आशीर्वाद धाडला, असं वाटलं होतं तिला. भौतिकशास्त्र शिकवणारी बाई! बियांना कॉफीचा वास का येतोय, एवढं विचारायचं सुचलं नाही, रडायचं मात्र सुचलं.

प्रयोगशाळेत पोचताच तिने त्या फळीची कापून उरलेली पट्टी शोधून काढली. वरच्या कडेची पट्टी. यंत्रासमोर धरली तर पलीकडे पोचणाऱ्या किरणांचा आकडा उतरायचं नावच घेईना, जणू मध्ये काही नव्हतंच. तेलकट पूड जड भुकटीला धरून ठेवत नाही. उभ्या साच्यात सगळी भुकटी सावकाश खाली बसली असणार. म्हणजे सगळं संरक्षण पायांपाशी, आणि वर छातीशी, पोटाशी, नुसतं प्लास्टिक आणि खजूर.

"काय बियांच्या बाईसाहेब, आज तोंड का उतरलंय?" दारातून डॉक्टर मुंझिर डोकावले. विभागप्रमुख. "पुढच्या आठवड्यात पाहुण्यांना तुमची फळीच दाखवायचीय. जरा हसा की!"

ती हसली. हसता आलं याचीच तिला किळस आली.

पण नवरस बसून काम करते... हा विचार कुठून आला कोण जाणे, आणि बुडत्याने ओंडका धरावा तसा तिने तो धरला. बुटकं स्टूल आहे तिथे, लाकडी, मीच पाहिलंय. बसल्यावर पोट खाली येतं. बरंच खाली. भुकटी तिथवर असेलही, का नसावी? मग कुणाला सांगायची काय गरज? काहीतरी निमित्त काढून फळी परत आणायची, कच्च्या बियांची नवी ओतायची, गल्लीला कळायला नको, मुंझिरना नको, खालाला तर नकोच, बिचारी हाय खाईल... आणि ईदपासून आजवरचं? बसूनच तर असते ती. बसूनच असते.

तिने फोन लावला.

"खय्या!" थोरल्या बहिणीला हाक मारताना नवरसचा आवाज फुललेला. "आत्ता तुझीच आठवण काढत होते. अगं, लाथा मारतेय नुसती. मुलगीच आहे, तुझ्यासारखी भांडखोर."

"तू... तू बसलीयेस ना?"

"बसवतंय कुठे आता! स्टूल केव्हाच बाहेर काढलं. उभीच असते दिवसभर, तुझ्या फळीला पोट टेकवून. गार लागते गं, बरं वाटतं. ती पण शांत होते."

इब्तिहालच्या मुठीत ती सकाळची बी होती. केव्हा उचलून आणली, आठवेना. मुंझिर, पाहुणे, गल्ली, खाला, सगळं एकदम फार लांब गेलं, इतकं की त्याची भीती कधी वाटली होती हेच खरं वाटेना. उरली ती एकच भीती, आणि तिच्यात आता स्वतःला लपायला कुठे जागा नव्हती. बाजूला हो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की आजवरचे सगळे दिवस खरे होणार होते...

"खय्या? बोल ना गं," नवरस म्हणाली, आणि मग फळीपलीकडच्या रुग्णाला, हसत, "थांबा, श्वास रोखून धरा हं आता."

इब्तिहालने तोंड उघडलं. जिभेवर आईच्या कॉफीची चव आली.