पूजेला लावलेली गिटार

संताजीरावांच्या माडीवरचा भाडेकरू रेंझो हा इटलीतला मोठा रॉक गायक आहे, हे घरात कळायला महिना गेला. म्हैसूरच्या गोकुळम भागात योगासनं शिकायला गोरे येतात नि जातात. त्यांतलाच हा एक, पासष्टीचा, असं सगळे धरून चालले होते. मग वाणीने, त्यांच्या मुलीने, फोनवर त्याचं नाव शोधलं, तर स्टेडियमभर माणसं त्याच्या सुरात सूर मिसळून गात होती. संताजीराव जन्मभर पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एवढी गर्दी आपणही दसऱ्याच्या जंबो सवारीला पाहिली आहे, म्हणाले, पण ती हत्ती बघायला येते, बँड नव्हे.

त्यानंतर संध्याकाळी पायरीवर बसून दोघांच्या गप्पा व्हायला लागल्या. रेंझोचा बाप ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. चार मित्रांनी चर्चमागच्या खोलीत बँड काढला. पहिली रेकॉर्ड कुत्र्यानेही हुंगली नाही, दुसरीने नशीब उघडलं. मग दौरे, पैसा, दोन लग्नं, दोन्ही मोडली. शेवटी गळ्यात गाठ निघाली. ती कापल्यावर डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण कसला येईल ते सांगता येत नाही. तेव्हापासून तो एक ओळ गायला नव्हता. स्वतःचा आवाज ऐकायचीच भीती वाटते, असं त्याने संताजीरावांना सरळ सांगितलं. इकडे त्याचा जुना ड्रमवाला सांद्रो मागे लागला होता, की आपल्या गावात शेवटचा कार्यक्रम करू. हो का नाही ते कळवायची त्याने दिलेली तारीख नेमकी विजयादशमीची होती. गिटार मात्र खाटेखाली पेटीतच होती.

खंडेनवमीला रेंझो आसनांच्या वर्गाला गेला असताना संताजीरावांच्या बायकोने, गोदावरीबाईंनी, ती पेटी खाली आणली. संताजीरावांचं घराणं मूळचं म्हैसूरच्या घोडदळातलं. घरात हत्यार आहे आणि पूजेला नाही, हे गोदावरीबाईंना सहन होणं शक्य नव्हतं. विचारायचं वगैरे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. रेंझो परतला तेव्हा पणजोबांची तलवार, क्लॅरिनेट, स्कूटरची किल्ली आणि वाणीचा लॅपटॉप यांच्या रांगेत त्याची गिटार हळदीकुंकू लावून बसली होती. त्याचा चेहरा पांढरा पडला. संताजीराव ओशाळले, पण एकदा पूजेला लावलेली वस्तू त्या दिवशी हलवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा झाली की प्रत्येकाने आपलं हत्यार उचलून थोडं काम करायचं आणि मगच ताटावर बसायचं, हा घरचा नेम. संताजीरावांनी तलवारीने लिंबू चिरलं आणि क्लॅरिनेटवर एक सरगम फुंकली. वाणीने लॅपटॉपवर चार ओळी टाइप केल्या. मग सगळे रेंझोकडे बघू लागले. त्याने गिटार उचलली, मुकाट्याने थोडं वाजवलं आणि खाली ठेवली.

"झालं नाही," गोदावरीबाई नवऱ्याला आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या. "तो गातो अल्वा? मग हत्यार त्याचा गळा. गिटार सुम्ने, नुसतं म्यान आहे. सांगा त्याला."

संताजीरावांनी चाचरत इंग्रजीत सांगितलं. रेंझोने पुन्हा गिटार घेतली आणि दोन ओळी गायल्या. खालचा आवाज खरखरीत, पण भरीव होता. वर चढायच्या जागी नुसती हवा आली. वाणीने मान खाली घातली. संताजीरावांना आपलंच काही गेल्यासारखं वाईट वाटलं.

रेंझो त्यांच्याकडे वळला. तुम्ही बँडवाले आहात, खरं सांगा, म्हणाला. छान आहे म्हणून वेळ मारून नेणं सोपं होतं. संताजीरावांनी तसं केलं नाही.

"वरचा सूर गेला. तो परत यायचा नाही. खालचा चांगला आहे."

तुमच्या बँडात अशा माणसाचं काय करतात, त्याने विचारलं.

"मागच्या रांगेत धाडतात. पुढचे दात पडल्यावर मलाही धाडलं."

"वाईट वाटलं?"

"पहिल्या दिवशी खूप. दुसऱ्या दिवशी परेड होती."

रेंझो माडीवर गेला. वरून फोनवरचं इटालियन ऐकू येत होतं. कुणाला एक अक्षर कळलं नाही. भात निवला तरी गोदावरीबाईंनी पानं वाढली नाहीत.

खाली येऊन त्याने सांगितलं, की कार्यक्रम करायचं ठरलं. पुढे उभी राहून सांद्रोची मुलगी गाईल. तो ड्रमच्या बाजूला उभा राहून खालच्या सुरात साथ करील. हे ऐकून सांद्रो फोनवर रडला.

"आणि तुम्ही?" संताजीरावांनी विचारलं.

"माझा आज पहिला दिवस आहे," रेंझो म्हणाला, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरासारखा रडला.