चौथ्या फळीवरचे दात

टक्.

समोरच्या खोलीत पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि दुपारची शांतता मोडली. माउसवरचा तिचा हात थांबला. शेजारी चटईवर झोपलेल्या भिंगरीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा बारीक घोरायला लागली. चार वर्षांची ही पोर जागेपणी एका जागी ठरत नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी. आईचं जे काही काम व्हायचं ते हिच्या झोपेतून चोरलेलं.

झाकण कसलं ते तिला न बघता कळलं. प्लास्टरचा डबा. तिचे बाबा रोज दुपारी तो उघडायचे, ओल तर धरली नाही ना म्हणून चमच्याने वरखाली करायचे आणि पुन्हा झाकून ठेवायचे. वापरायचा प्रसंग आताशा येतच नव्हता.

तीस वर्षं बाबांनी हेच केलं होतं. डॉक्टरांकडून गुलाबी मसाल्यात उमटलेली दातांची मापं यायची. बाबा त्यात प्लास्टर ओतायचे, वाळल्यावर दगडासारखा साचा निघायचा, आणि त्यावर कॅप, कवळ्या घडायच्या. काम झालं की बाकीचे लोक साचे फेकून देतात. बाबा डब्यात घालून, वर नाव आणि साल लिहून फळीवर ठेवायचे. "दात परत येतात," असं त्यांचं म्हणणं. चार फळ्या गच्च भरल्या होत्या. नवा माणूस घरात आला की चारी फळ्यांवरून दात विचकून त्याचं स्वागत व्हायचं.

मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंनी स्कॅनर घेतला. जाडजूड पेनासारखी कांडी तोंडात फिरवायची, की दात पडद्यावर हजर. पेशंट खूश, कारण मसाला तोंडात धरून उमासे दाबत बसणं संपलं. बाबांचं निम्मं काम बाईंकडूनच यायचं. त्यांनी बाबांना बोलावून गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं, की काका, पहिल्या तीन कॅप फाइलवरून करून द्या. नीट बसल्या तर काम तुमच्याकडेच राहील, नाहीतर मला मोठ्या लॅबकडे जावं लागेल. बाबा घरी आले ते दातखीळ बसल्यासारखे गप्प. तिसऱ्या दिवशी लेकीला म्हणाले, तू शीक.

ती शिकली. रोज दोन गल्ल्या ओलांडून भिंगरीला घेऊन यायची, तिला झोपवायची आणि पडद्यावर दात घडवायची. त्या फाइलवरून कॅप यंत्रावर कापून दुसरीकडून यायची. रंग आणि चकाकी मात्र अजून बाबाच द्यायचे. पण कॉम्प्युटरच्या खोलीत ते नव्या व्याह्यांच्या घरी गेल्यासारखे अंग चोरून वावरायचे. पडद्याकडे चुकूनही बघायचे नाहीत.

दोन कॅप छान बसल्या होत्या. आजची तिसरी. सोफे शिवणाऱ्या कारागिराची, खालची दाढ. तिने ती घडवून संपवली होती, फक्त पाठवायची बाकी होती. तेवढ्यात बाबा तिच्यासाठी चहा घेऊन आले. कप ठेवायला वाकले आणि नजर पडद्यावर गेली ती तिथेच राहिली.

कोण आहे, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. बाबा बाहेर गेले आणि दुसऱ्या फळीवरचा एक डबा घेऊन आले. आठ वर्षांपूर्वीचा. वरचा साचा खालच्यावर ठेवून त्यांनी हलकेच फिरवला. खट्. कुलपात किल्ली बसावी तसे दात एकमेकांत बसले.

"हा चावत नाहीये," बाबा म्हणाले. "हा खिळे धरून बसलाय."

तिला उलगडेना. बाबांनी साच्याच्या पुढच्या दातावर तिचं बोट टेकवलं. तिथे बारीक खाच होती, खिळ्याएवढी. सोफा ठोकताना हा माणूस खिळे दातांत धरतो, जन्मभर धरत आलाय. तोंडात काहीही गेलं की त्याचा जबडा आपोआप पुढे सरकतो. बाईंनी कांडी गालात सारून दात मिटा म्हटलं असणार, आणि स्वारीने सवयीने जबडा पुढे काढला.

तिने पडद्यावरची दाढ पुन्हा फिरवून पाहिली. मागच्या दाढांमध्ये फट दिसत होती खरी. तिला वाटलं होतं, असेल याची ठेवणच तशी. म्हणून तिने कॅप उंच करून फट भरली होती. साच्यातल्या दाढा मात्र घासून घासून चकचकीत झालेल्या. एकमेकींना भेटल्याशिवाय दाढा अशा झिजत नाहीत. ती कॅप बसवली असती तर बिचारा एकाच दातावर टेकला असता, आणि बाबांचं निम्मं काम मोठ्या लॅबकडे गेलं असतं.

तिने बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, उद्या त्यांना परत बोलावते, काकांनाही घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी बाबा डबा काखेत मारून गेले. मागे ती, तिच्या मागे उड्या मारत भिंगरी. कारागीर खुर्चीत तोंड वासून होता. बाईंनी कांडी गालात घातली, तशी हनुवटी निघाली पुढे.

"उस्ताद, आधी खिळे थुंका बघू," बाबा म्हणाले.

कारागिराला हसू फुटलं, आणि हसता हसता जबडा आपला आपण जागेवर गेला. बाईंनी तेवढ्यात माप घेतलं. भिंगरीला वाटलं, हा काहीतरी खेळ आहे. तिनेही तोंड उघडलं, मग बाईंनी तिचेही वीस दुधाचे दात कांडीने टिपून फाइल पाठवून दिली.

कॅप आली, आणि पहिल्याच झटक्यात बसली. बाईंनी निरोप दिला, की काम तुमच्याकडेच, पण एक अट. काकांनी बघितल्याशिवाय एकही फाइल पुढे जायची नाही. आणि ते डबे फेकू नका.

त्या दिवशी बाबांनी आपलं स्टूल उचलून कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवलं. जणू पहिल्यापासून तिथेच होतं. भिंगरीला मांडीवर घेऊन ते तिचे दात पडद्यावर गोल गोल फिरवत बसले. माउस दोन बोटांनी असा धरला होता, जणू जोरात दाबला तर दुखेल त्याला. मग चौथ्या फळीवरचा डबा काढून त्यांनी नातीला तिच्या आईचे सहा वर्षांची असतानाचे दात दाखवले, पुढचा एक पडलेला. भिंगरीने त्या खिंडीत बोट घालून पाहिलं, खात्री करून घेतली आणि डबा आजोबांना जागेवर ठेवायला लावला.

संध्याकाळी नवरा न्यायला आला, तसा तिने कॉम्प्युटर बंद केला. चप्पल घालता घालता भिंगरी थांबली. एकदा चौथ्या फळीकडे बघितलं, एकदा काळ्या पडद्याकडे. तिने विचारलं, तसे बाबाही स्टुलावरून मान वळवून उत्तरासाठी लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आई, तुझे दात त्या डब्यात राहतात. मग हे बंद केल्यावर माझे कुठे जातात?"